पायलची लाल जीभ

९ डिसें., सोम.
पायलनं आज पण खिचडीतला पालक बोटानं वेचून काढला. पानं ताटाच्या कडेला चिकटवली, भात तेवढा खाल्ला. "एक पान खाय न बेटा." "कोनी!" तांड्यावरच्या लेकरांचा हाच शब्द या अंगणवाडीत सगळ्यात जास्त ऐकते. नाही म्हणजे नाही.
चार वर्षांची आहे, दिसते तिनाची. आईबाप ऊस तोडायला जातात, ही तिकडंच चहा-बिस्किटावर वाढली. यंदा बाप एकटा गेला. आई, सुनीता, कापूस वेचायला इथंच थांबली, म्हणून पोरगी आमच्याकडं येते तरी.

१० डिसें., मंगळ.
शेवंताबाई (माझी मदतनीस, तांड्यावरचीच) म्हणे, "ताई, लाड नोका करू. मी घालतो तिच्या तोंडात." घातला घास. पोरीनं सगळं ओकून टाकलं, मग भिंतीकडं तोंड करून बसली. जवळ गेले तर आणखी आक्रसली.
कोंबाकोंबी बंद. शेवंताबाईलाही वाईट वाटलं. भांडी जरा जोरात घासली.

१२ डिसें., गुरु.
मागच्या वाफ्यात बीट तयार झालं! दसऱ्याआधी सुपरवायझर मॅडमनी बी दिलं होतं, पोट्ट्यांनीच पाणी घातलं. इथं बीट कोणी खात नाही, बाजारात दिसलं तरी घेत नाही.
पायलला म्हटलं, ओढ. दोन्ही हातांनी ओढलं, मागं आपटली, हातात बीट. लांब शेपटी, अंगाला माती.
"उंदीर! उंदीर!"
सगळे पोट्टे ओरडत पळाले. ती नाही पळाली. शेपटी धरून त्यांच्याच मागं लागली. तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

१३ डिसें., शुक्र.
बीट उकडून किसलं, मीठ-लिंबू लावलं. ताटात बाजूला ठेवलं, खा म्हटलंच नाही. पायलनं वास घेतला. बोट लावलं, गालाला फासलं. मग चाटलं.
शेवंताबाईनं पिशवीतला आरसा काढून दाखवला. लाल जीभ! झालं, सगळ्यांना लाल जीभ पाहिजे. पायलनं वाटी पुढं केली, परत केली. मी अन् शेवंताबाई एकमेकींकडं बघत होतो, बोललो नाही. बोललो तर ती थांबेल असं वाटलं.
घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, बीटच तर खाल्लं. ह्यांना काय कळते...

१४ डिसें., शनि.
पायल आली नाही. शेवंताबाई धापा टाकत आली. "ताई, सुनीता पोरीले घेऊन घाटंजीले गेली, दवाखान्यात. लघवीतून रगत जाऊन राह्यलं म्हणे!"
मला लगेच कळलं. बीटचा रंग. काही लेकरांची लघवी लाल होते, माहीत होतं मला. आयांना सांगायचं सुचलंच नाही कालच्या आनंदात.
फोन लावला, लागला नाही. स्कूटी काढली. पोचले तर डॉक्टर सांगून मोकळे झाले होते, घाबरू नका, रंग आहे, निघून जाईल. सुनीता बाकावर बसलेली. वेचणीची ओटी तशीच कमरेला, आतला कापूस पण तसाच. पोरीच्या डोक्यावर दोन्ही हात. मी समोर उभी राहिले. तिनं वर पाहिलं नाही.
पायल मला जीभ दाखवत होती.

१६ डिसें., सोम.
अंगणवाडीत दोनच लेकरं. अंगणवाडीच्या बाईनं पोरांना काहीतरी चारलं, असं तांडाभर झालं. आयांची तरी काय चूक. मी त्यांच्या जागी असते तर पाठवलं असतं का?
दिवस मावळताना बाया वावरातून आल्यावर सुनीताकडं गेले. दारातच उभी होती. बस म्हणाली नाही.
"चुकलं माझं. आधी सांगाले पाहिजे होतं."
"काहून नाई सांगितलं मंग?"

मग तीच बोलली, हळू आवाजात, पायल ऐकेल म्हणून. "हिच्याआधीची माही पोरगी तिकडं उसाच्या फडावर गेली. अशीच. रगत पडे. दवाखाना लांब होता, गाडी भेटेस्तोवर..."

मी त्या वेळी इथं नव्हते. कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वजन घेते, उंची मोजते, अन् एवढं...
निघताना म्हणाली, "परवा ऑटोत मी देवाले काय काय बोलली, तुमाले माईत नाई."

१७ डिसें., मंगळ.
शेवंताबाईला घेऊन घरोघर गेले. जे शिजवतो ते सांगितलं, काय खाल्ल्यावर काय होते तेही. एक म्हातारी म्हणे, लाल खाल्लं तं लालच निंगन, त्यात काय! बाकीच्या हसल्या. सुनीता तिथं नव्हती.

१९ डिसें., गुरु.
लेकरं परत येऊन राह्यली. पायल नाही. वाफ्यात बीट तसंच आहे, हात लावायची हिंमत होत नाही. शेवंताबाई म्हणते उपटून टाकू. थांब म्हटलं.

२१ डिसें., शनि.
जेवणाच्या वेळी सुनीता आली, पायल कडेवर. आज वेचणीला गेली नाही. लेकरांच्या पंगतीत सरळ मांडी घालून बसली.
"काय हाये आज?"
"दोडक्याची भाजी, वरण-भात."
"मले पहिले वाढा."
वाढलं. तिनं भाजी चाखली, गिळली, थोडा वेळ नुसतीच बसली. पोट काय म्हणते ते ऐकत असल्यासारखी. मग पायलपुढं ताट सरकवलं. पायलनं दोडक्याची फोड उचलली, चाटली, ठेवून दिली. "कोनी." सुनीताला हसू आलं. मलाही.
जाताना मागं वाफ्याकडं गेली. मी दारातून पाहत होते. तिनं एक बीट उपटलं, माती झटकली, हुंगलं. पदरात बांधलं अन् पोरीला घेऊन निघाली. 
घरी शिजवेल की रस्त्यात फेकेल, माहीत नाही. मी हाक मारली नाही.