दारातून सुरू होणारा उतार

खलिफा सिटी, शनिवार, संध्याकाळ

आल्प्सच्या सुट्टीसाठी हॉटेल आजच ठरवणे भाग होते. पर्याय दोन. वरच्या गावातले, जिथे दारातूनच स्की घालून उतारावर निघता येते. किंवा खाली खोऱ्यातले, जिथे नवशिक्यांसाठी सपाट मैदान आहे. खालच्याची बाजू मी किती पद्धतशीरपणे मांडली! शांतता, शाकाहारी जेवण, स्टेशनचे अंतर. सारे मुद्दे बिनचूक, आणि एकही खरा नाही.

खरे कारण तो दारातला उतार. मॉलमधल्या कृत्रिम बर्फावर मी सर्वांदेखत पडलो, तेव्हापासून उताराचा फोटो दिसला तरी मी तो पटकन पुढे सरकवतो. स्वतःच्या बायकोला एवढे का सांगता येऊ नये?

"अरे, शाकाहारी जेवण वरही मिळतं," मेधा म्हणाली. "नक्की अडचण काय आहे तुझी?"

"काही नाही."

ईराने मोबाईलमधून मानही वर केली नाही. "बाबा, यू कॅन जस्ट सिट इन द कॅफे. नो वन विल माइंड."

बारा वर्षांची मुलगी, आणि स्वरात चक्क दया! दारातला उतार पुन्हा डोळ्यांपुढे आला. पण ही दया त्याहून असह्य होती.

"यल्ला, चला, वरचंच करा," म्हणत मी कार्ड पुढे केले. बुकिंग झाले. आता रद्द केले तर पैसे परत मिळणार नाहीत.

मेधा खूश झाली. ईराने मात्र मोबाईल खाली ठेवला. "बाबा, आर यू शुअर?"

"अर्थात."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिने विश्वास ठेवला असता, तर निदान आजची रात्र तरी सोपी गेली असती.