खळ लावलेली होडी

॥ श्री ॥
लालबाग, मुंबई
ता. ३ एप्रिल १९६०

चि. शिवास गुणाजीचे अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, आपला रघु होडी बांधतो आहे. चाळीच्या गॅलरीत. तू हसशील, पण मला झोप नाही.

गोदीत कुणा परदेशी खलाशाकडे त्याने तसल्या होडीचं चित्र पाहिलं. बर्फाच्या मुलखातले लोक लाकडाचा सांगाडा बांधून त्यावर जनावराचं कातडं ताणतात. मधे एका माणसापुरतं भोक आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं. रघुने बांबूच्या कांबी नि वेत सुतळीने बांधून तसाच सांगाडा केला आहे. वर कॅनव्हास लावणार. सध्या दारात नुसत्या बरगड्या दिसतात. सकाळी डबडं घेऊन जाताना मी त्याला अडखळतो नि मनात नको ते येतं. शेजारची कमळाबाई सूनबाईला विचारते की पाळणा एवढा लांब कशाला.

हे सगळं भिवासाठी. गिरणीत रघुच्या बाजूच्या साच्यावर कापड विणणारा भिवा छप्पनच्या गोळीबारात गेला, हे तुला कळवलंच होतं. दोघांचं ठरलं होतं की मुंबई महाराष्ट्राला मिळाली की शहर एकदा समुद्रातून बघायचं. आता एक मेला राज्य होणार. त्या सकाळी दादरच्या किनाऱ्यावरून निघून वरळीला वळसा घालायचा आणि गिरगाव चौपाटीला लागायचं, असा त्याचा बेत. एकट्याने. पोहायला शिकला तो आपल्या विहिरीत. मी बोललो तर म्हणतो की बाबा जिना उतरतानाही भितात.

तू होड्या दुरुस्त करण्यात जन्म घालवलास. त्याला चार शब्द लिहून थांबव. काकीचं कसं आहे? रात्री तिचा खोकला माझ्या कानात वाजतो. म्हाताऱ्या भावाची आठवण ठेव, एवढंच मागणं.

तुझा
गुणाजी


आचरे
ता. ९ एप्रिल १९६०

ती. दादास शिवाचा साष्टांग नमस्कार. तुझं पत्र वाचून घरात सगळे हसलो. लहानपणी आंब्याच्या कोयीला साप म्हणून पळालेला तू. तुझ्या पत्रातलं अर्धं भय मी वजा करूनच वाचतो.

रघुला मी थांबवणार नाही. बांबू हलका, बांधणी सुतळीची, लाटेबरोबर वाकेल. फक्त कापडात तेल मुरलं पाहिजे. कोऱ्या कापडाला राळ नि तेल गरम करून तीन हात द्यायला सांग. मग माझी काही हरकत नाही.

काकी अंथरुणाला खिळली आहे. पेज तेवढी घेते. कधी काय कळवायची वेळ येईल सांगवत नाही. सूनबाईला आशीर्वाद. रागावलास तरी लिहीत जा.

तुझा
शिवा


॥ श्री ॥
लालबाग
ता. २० एप्रिल १९६०

चि. शिवास आशीर्वाद. तुला नवल वाटेल, पण होडी झाली, आणि ती माझ्यामुळे झाली.

कॅनव्हास ताणला तर जागोजागी झोळ. रघु दोन दिवस तोंड पाडून बसला. एकतीस वर्षं मी खळखात्यात सुताला खळ लावण्यात काढली, ती फुकट नाही गेली. चिंचोक्याचं पीठ नि थोडी चरबी शिजवून पातेलंभर खळ केली आणि कुंचल्याने चोपडली. उन्हात वाळल्यावर कापड असं ताठ झालं की टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजतं. सगळी चाळ टिचक्या मारून गेली. त्यावर तू सांगितलेलं राळ-तेल, तीन हात. वरून आरशासारखं चकाकतं.

रघु ज्याला त्याला सांगतो की अर्धी होडी बाबांची आहे. शिवा, हा मुलगा माझ्याबद्दल असं कधी बोलला नव्हता. आता मीच म्हणतो, जाऊ दे त्याला.

एकच खटकतं. पहाटे होडीवर मुंग्यांची रांग लागते, तळाच्या शिवणीपाशी. रॉकेलचं फडकं फिरवतो, तरी येतात. काकीला जप. एक मेपर्यंत देवाने तिला सांभाळावं. लहान आहेस, तरी माझ्यावर छत्र धर.

तुझा
गुणाजी


आचरे
ता. २५ एप्रिल १९६०

दादा, नमस्कार मागाहून. होडी पाण्यात घालू नको.

तू लावलेली खळ तुमच्याच गिरणीत पुढच्या खात्यात पाण्याने धुऊन काढतात, हे तू कसं विसरलास? तेल कापडात मुरलंच नाही, ते खळीवर बसलं आहे. मुंग्या खळच खायला येतात, म्हणजे शिवणीपाशी तेल फुटलेलं आहे. तिथून पाणी शिरेल, खळ सुटेल, तेलाचा पापुद्रा निघेल. तासभर टिकेल. वरळीच्या खडकांपाशी पोचेपर्यंत कापड ओल्या धोतरासारखं लोंबायला लागेल. खरं वाटत नसेल तर उरलेल्या तुकड्याला तशीच खळ नि तेल लावून तो मिठाच्या पाण्यात टाकून बघ. कापड काढून टाका, नवं कोरं लावा. भिवा महिनाभर थांबेल.

तार करायला मालवणला जावं, तर काकीपाशी दुसरं कुणी नाही. म्हणून मयताच्या पत्राचा फाडतात तसा या पत्राचा कोपरा मुद्दाम फाडतो आहे. पत्र उशीखाली ठेवून सावकाश वाचायची तुझी सवय मला ठाऊक आहे. कोपरा फाटलेला दिसला की दारातच फोडशील. घाबरू नको, काकी आहे तशीच आहे. या वेळी भय मला वाटतं आहे, दादा. ते अर्धं करून वाचू नको.

शिवा


॥ श्री ॥
लालबाग
ता. ३० एप्रिल १९६०

चि. शिवास आशीर्वाद. तुझं पत्र आज दुपारी पोचलं. पोस्टमन आला तेव्हा दारात मी एकटाच होतो. कोपरा फाटलेला पाहिला आणि समजलो. काकी सुटली.

मी पत्र फोडलेलं नाही. घरातही घेतलं नाही. दाराबाहेर चपलांच्या फळीमागे खोचून ठेवलं आहे. फोडलं की दहा दिवसांचं सुतक, मग उद्याचा नारळ नाही, होडी नाही, काही नाही. मरण कानावर आलं की सुतक लागतं असं आई सांगायची. मी वाचलं नाही म्हणजे मला अजून कळलेलं नाही, असं मनाला सांगतो. तू मला दगड म्हणशील. म्हण. जन्मभर मी त्याला प्रत्येक गोष्टीत नको म्हणत आलो. एकदा तरी त्याच्या आड यायचं नाही.

सगळी तयारी झाली आहे. चौघे जण होडी खांद्यावर घेऊन दादरला नेणार आहेत. मला ते दृश्य मनात आणवत नाही, पण हसतो. सूनबाईने आज ओल्या फडक्याने होडी पुसली. एका शिवणीपाशी बोटाला चिकट लागलं म्हणाली. मी वाकून वास घेतला. आमच्या खात्याचाच वास. फार दिवसांनी बरं वाटलं.

पहिला नारळ बाबांच्याच हातचा, असं रघुने सगळ्यांना सांगून टाकलं आहे. नारळ सोडला की मी बसने गिरगावला जाऊन चौपाटीवर त्याची वाट बघत बसणार. दहापर्यंत पोचतो म्हणाला.

परवा सोमवारी सकाळी आंघोळ करून तुझं पत्र फोडीन. मग जे काय रडायचं ते रडू. तोवर मला क्षमा कर आणि माया तुटू देऊ नको.

तुझा
गुणाजी