सांदवाडीतला खड्डा

चामोर्शी,
२२ जानेवारी २०२४

चि. शकूस वामनभाऊचे अनेक आशीर्वाद.

संक्रांतीला तुझ्याकडे चार दिवस राहून सुखरूप पोचलो. कान गेल्यापासून फोन माझ्या काही कामाचा राहिला नाही, तेव्हा तुला पुन्हा पत्रांची सवय करावी लागेल. सातवी पास झालीस, त्याचा कुठेतरी उपयोग होऊ दे.

एक गोष्ट मनातून जात नाही. तुझी सून रंजीता रोज खरकट्याची बादली घेऊन गावाबाहेरच्या उकिरड्यापर्यंत चालत जाते. तिथे ते उघड्यावर सडतं, गाई प्लास्टिकच्या पन्नीसकट खातात. तीस वर्षं कृषी सहाय्यक म्हणून मी गावोगाव खत करायला शिकवलं आणि सख्ख्या बहिणीच्या घरी हे! घरामागच्या सांदवाडीत, मागच्या दाराशीच, पेरूखाली तीन फूट खोल खड्डा खणून घे. भाजीची देठं, साली, चहाचा चोथा, राख, वर पालापाचोळा आणि शेणकाला. रद्दी कागदही चालतो. माझी पत्रं वाचून झाली की तीही टाक. पन्नी मात्र टाकू नकोस, ती तुझ्या पणतवंडांच्या काळातही जशीच्या तशी निघेल.

नातीला म्हणावं, यंदा पेरू तुझ्या मुठीपेक्षा मोठे होतील. गोपालला आशीर्वाद. माया आहेच, आळस तेवढा करू नकोस.

तुझा
वामनभाऊ

मोहटोली, ता. नागभीड,
१९ फेब्रुवारी २०२४

ती. स्व. वामनभाऊस शकूचा शि. सा. न. वि. वि.

खड्डा झाला. गोपालनं दोन दिवस कुरकुर करत खणला. मामाले रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी काम लावणं सुटलं नाई, असं म्हणत होता. रंजीताची पायपीट वाचली. सगळ्यात खूश दिव्यानी. रोज संध्याकाळी आपल्या पेल्यानं खड्ड्यावर पाणी घालते आणि खत झालं का म्हणून विचारते. साडेचार वर्षांच्या पोरीला धीर कुठला?

आता एक शंका. बोडीतलं पाणी आटत आलं आहे, गोपाल तिथून रोज मासे आणतो. खवले, आतडी, डोकी खड्ड्यात टाकायची का? रंजीता म्हणते की मासे घरामागं नोको, मी पहिल्यासारखी गावाबाहेर नेऊन टाकीन. मी म्हटलं, भाऊले विचारतो, मग पाहू. कुत्री अशीही दाराशी घुटमळतातच. लवकर कळव.

तुझी माया अशीच राहू दे.

तुझी
शकू

चामोर्शी,
२७ फेब्रुवारी २०२४

चि. शकूस अनेक आशीर्वाद.

तू लहानपणापासून शंका फार काढतेस. जे सडतं ते सगळं घाल. माशांचं तर उत्तम खत होतं. वर माती लोटली की झालं. सुनेला सांग, मामांनी यात हयात घालवली आहे, तिनं मला शिकवू नये. होळीनंतर तुझा खड्डा बघायला येतो.

बाकी क्षेम. पोरीला पापा.

वामनभाऊ

मोहटोली,
८ एप्रिल २०२४

ती. स्व. वामनभाऊस शकूचा नमस्कार.

दिव्यानीच्या तिसऱ्या दिवशी तू येऊन गेलास. तुला ऐकू येत नाही, आणि तेवढ्या माणसांत मला मोठ्यानं बोलायचं नव्हतं. म्हणून आज लिहिते.

त्या संध्याकाळी ती पेला घेऊन खड्ड्याकडे गेली. मी चुलीशी होते, दार उघडं होतं. कुत्री रोज माशांसाठी माती उकरायची आणि बिबट कुत्र्यांच्या मागावर यायचा, हे वनरक्षकानं दुसऱ्या दिवशी ठसे दाखवून सांगितलं. शेजारची मंगली ओरडत काठी घेऊन धावली. बिबट पोरीला टाकून पळाला, पण तोवर ती गेली होती.

पंचनाम्याला सगळा गाव जमला. दाराशी मासे कोण टाकत होतं, असं वनरक्षकानं विचारलं. रंजीता म्हणाली की मी नोको म्हणत होतो, पण मामाचं पत्र आलं म्हणून सासूबाईनं टाकाले लावलं. गोपाल माझ्याकडे वळला. आई, हे खरं हाय का, पत्र कुठी हाय, असं त्यानं विचारलं. मी नाई म्हणाले. असं पत्रच आलं नाई म्हणाले.

ते पत्र मी पंचनाम्याआधी सकाळीच खड्ड्यात पुरलं होतं. तुझं नाव कागदोपत्री जायला नको म्हणून पुरलं, असं मी मनाला सांगते. पण भीती मला माझीच होती. माझ्या पोराच्या डोळ्यांत मी काय दिसेन, ती.

गोपालनं रंजीताला तुमच्या चामोर्शीला माहेरी नेऊन सोडलं. या बाईनं पोरगी खाल्ली आन् नाव माह्या आईचं घेते, असं तो गावभर सांगतो. तिला पुन्हा घरात घेणार नाही म्हणतो. आता जे झालं ते झालं. तू गप्प राहा भाऊ, तुझ्या पाया पडते.

शकू

चामोर्शी,
१६ एप्रिल २०२४

चि. शकूस,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि पेन थांबलं.

शिकवायला उभा राहिलो की मी सगळ्यात आधी सांगायचो, मासे-मटण खड्ड्यात नको, त्यानं जनावर येतं. तीस वर्षं सांगितलं. तू विचारलंस तेव्हा मात्र कालची सून मला शिकवते याचा राग आला आणि रागात चार ओळी खरडल्या. तिचं बरोबर होतं. मला ते माहीत होतं, शकू. हेच मला खाऊन टाकतंय.

काल रंजीताच्या माहेरी गेलो. तिनं चहा दिला. तिची आई म्हणत होती की पोरगी घरात एक साल राहू देत नाही, दिवसातून चार वेळा उचलून लांब नेऊन टाकते. हे तिनं माझ्या खिशातल्या वहीत लिहून दाखवलं. मी रंजीताला म्हणालो की चूक माझी आहे. बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही, सगळ्या आळीनं ऐकलं असेल. तिनं वही घेतली आणि लिहिलं, मले सांगून काय होते, त्यायले सांगा.

आठ दिवसांनी मी गोपालला सगळं लिहून पाठवणार आहे. आठ दिवस एवढ्यासाठी, की त्यानं विचारलं होतं ते तुला. त्याला उत्तर तू द्यावंस.

तुझा भाऊच,
वामन

मोहटोली,
६ मे २०२४

ती. स्व. वामनभाऊस शकूचा नमस्कार.

सातव्या दिवशी सांगितलं. गोपाल जेवत होता. त्याला खरं वाटेना. सुनेची दया आली म्हणून तू आता खोटं बोलून राह्यली, असं म्हणाला. मग मी खड्ड्याकडे बोट केलं.

तो फावडं घेऊन उतरला. साली, पाला, मासे, सगळ्याची काळी माती झाली होती. तुझं पत्र तेवढं कोरडं निघालं. मी ते साखरेच्या पन्नीत बांधून पुरलं होतं, भाऊ. पन्नी कुजत नाही हे तूच सांगितलं होतंस. तरी त्या सकाळी माझा हात पन्नीकडे का गेला, मला सांगता येत नाही.

त्यानं खड्ड्यात उभं राहूनच वाचलं. मग चावडीवर जाऊन, जिथं रंजीताला बोल लावला होता तिथंच सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. मी शेवटपर्यंत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी तो चामोर्शीला गेला. रंजीता त्याच्यासोबत आली नाही. चार दिवसांनी आपली आपण बसनं आली.

खड्डा बुजवला. आता बादली मी नेते, ऊन असताना, गावाबाहेरच्या उकिरड्यापर्यंत. पहिल्या दिवशी निघाले तर रंजीता काठी घेऊन मागून आली. तेव्हापासून रोज येते. दहा पावलं मागं राहते. मी थांबले की थांबते. मला सोबत म्हणून येते, की मी बादली कुठं रिकामी करते ते बघायला, हे मी विचारलं नाही.

इतकी वर्षं पत्राच्या शेवटी तुझी माया मागत आले. आज मागत नाही.

शकू