तिसरा सिलिंडर

१० सप्टेंबर १९७९, नाचणगाव
लिहीन लिहीन म्हणत आठवडा गेला. आधी पेन सापडेना, मग केळझरला गणपती पाहायला गेलतो, तिथंच रमलो. पण आता नोकरी आहे! कपाशीवर औषध फवारणाऱ्या विमानाचा हेल्पर. झोपायचं टिनाच्या शेडमध्ये, विमानाशेजारीच. मेकॅनिक नत्थूजी, पायलट बापूराव. शाळा किती, म्हणून बापूरावांनी विचारलं. सातवी म्हटलं, तर म्हणे, मंग इमान तुलेच देतो उडवाले!

११ सप्टेंबर
या इंजिनात पाणी नाही, वाराच त्याला गार ठेवतो. वारा सिलिंडरांभोवती फिरावा म्हणून पत्रे बसवलेत. पिस्टन फार तापला तर फुगून अडकतो. मग विमान म्हणजे धोंडा. काटा एकाच सिलिंडरचा ताप दाखवतो. बाकीचे हातानं अंदाजायचे. ते काम माझं. नत्थूजी म्हणे, काटा खोटं बोलन, हात नाई.

१३ सप्टेंबर
पाऊस. परवापासून इंजिन बंद. सहज हात लावला तर तिसरा सिलिंडर गरम. नत्थूजी म्हणे, काऊन रे, भांग घेतली का? मग त्यांनी हात लावला. हसले नाहीत.

१५ सप्टेंबर
पत्रे तपासले, पिस्टन नवा टाकला. सकाळी पुन्हा गरम. भाजत नाही. दोन्ही हात तिथंच ठेवावेसे वाटतात. ठेवले. नत्थूजींनी ओढून काढलं.

१७ सप्टेंबर
दोन्ही तळवे बधिर. चहाचा ग्लास कळत नाही. सांगितलं तर नोकरी जाईल. नत्थूजी सामानाला नागपूरला गेले. मी येईपर्यंत उडू नका, म्हणून बजावून. बापूराव म्हणतात, बोंडअळी थांबत नाई. सिलिंडर थंडा असला तर जातो. तू सांगजो.

१८ सप्टेंबर, सकाळ
हात लावला. काहीच लागलं नाही. थंड आहे, म्हणालो.
गेले.

दुपार
आवाज एकदम थांबला. कपाशीपलीकडे धूर. लोक धावले. मी बसलो. रडू येत —
काहीच येत नाही.

१९ सप्टेंबर
बापूरावांना अग्नी दिला. चितेजवळ उभा होतो. आच लागली नाही. लोक मागं सरकले, मी —

२० सप्टेंबर, दुपार
शेडमध्ये एकटाच. जेवलो का, आठवत —
दारात कोणी आलंय. नत्थूजी असतील —
नाही. बापूराव.
म्हणतात, पोरा, नीट हात लावून सांग, थंडा झालो का मी. शर्टाची बटणं सोडताहेत. डावा हात धरून छातीवर ठेवला —
लागतंय. मला लागतंय, भाजतं, हात सुटत ना