बकूच्या किनाऱ्यावरचे घोडे, माझ्या पश्चात

मी, एल्डिका व्हर्जिनिया टॉपिन, कै. युस्टेस टॉपिन यांची विधवा, वय एकाहत्तर, राहणार बकू गाव, टोबॅगो बेट, व्यवसाय पाहुण्यांना घोड्यावर बसवून समुद्र दाखवणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू पाहणारे पुष्कळ झाले, पण त्यांतला एकही घोड्यावर टिकला नाही. गुडघे सोडले तर माझे सगळे ठणठणीत आहे.

कलम पहिले. युस्टेस गेल्यानंतर मी केलेले मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे. त्यात सर्व काही माझा पुतण्या कर्विन याला दिले होते. कर्विन पोर्ट ऑफ स्पेनला असतो. गेल्या ईस्टरला तो आला, तेव्हा त्याच्यासोबत चकचकीत बूट घातलेला एक गृहस्थ होता. तो गृहस्थ माझ्या तबेल्याच्या दारापासून थेट पाण्यापर्यंत मोजपट्टी घेऊन चालत गेला.

"काकू, इथे हॉटेल काय देखणं दिसेल!" कर्विन म्हणाला.

"आणि घोडे?"

"म्हातारे झालेत गं ते. तूही आता जरा बस की आरामात."

मी दोघांना खेकडा आणि डम्पलिंग पोटभर वाढले आणि फेरीबोट किती वाजता सुटते ते सांगितले. कर्विन वाईट नाही, घाईत आहे. त्याला मी त्याच्या काकाचे फिडल देते. लहानपणी त्याच्या हाताला सूर होता. अजून असेल तर त्याने गावच्या उत्सवाला येऊन ते वाजवावे आणि माझ्या शेजाऱ्यांना ऐकवावे. जमीन त्याला मिळणार नाही.

कलम दुसरे. सॉरेल घोडी, ब्रिगेडिअर, पर्ल आणि जे कोणी तेव्हा तबेल्यात असतील ते सगळे घोडे, खोगिरे, लगाम, तबेला आणि त्याखालची जमीन मी शर्मेल अलेन हिला देते. माझे घरही तिलाच देते, फक्त शेवटच्या कलमात लिहिलेली अट सांभाळून. शर्मेल हॉटेलातली नोकरी सोडून माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी पगाराचे काही विचारण्याआधी तिने ब्रिगेडिअरच्या मानेला कपाळ टेकले होते. तिची परीक्षा माझ्या लेखी तिथेच संपली.

आमचे सगळे घोडे पलीकडच्या बेटावरच्या, अरिमाच्या शर्यतींतले. हरायला लागले की त्यांना कोणी विचारत नसे. युस्टेस त्यांना फेरीबोटीतून इकडे आणायचा आणि सबंध वाटभर त्यांच्या कानाशी उभा राहून स्तोत्रे गायचा. फिडल सुरेल वाजवणारा हा माणूस गात मात्र असा होता, की मला वाटते, त्यापेक्षा समुद्र बरा असे घोड्यांना वाटू लागले असावे.

शर्मेल, तुला सगळे ठाऊक आहे, तरी लिहिते. पाण्यात नेण्याआधी खोगीर उतरव. मँचिनीलच्या झाडाखाली घोडा बांधू नकोस, पाहुण्यालाही उभे करू नकोस. त्याचा चीक कातडी जाळतो. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने अंग धू, आधी घोड्याचे, मग स्वतःचे. आणि जो पाहुणा "मला घोडेस्वारी उत्तम येते" असे म्हणेल, त्याला ब्रिगेडिअर दे. ब्रिगेडिअर सावलीत जाऊन हलायचे नाकारेल आणि त्याला नम्रता शिकवेल.

कलम तिसरे, रॉल डे व्हीन याच्याशी असलेल्या भांडणाविषयी. रॉल हा काचेच्या तळाच्या बोटीतून पाहुण्यांना प्रवाळ दाखवतो. त्याचा धक्का माझ्या वाटेला लागून आहे. वर्षानुवर्षे तो धक्क्यावरून ओरडायचा, "अहो एल्डिकाबाई, पुन्हा लीद टाकली तुमच्या लाडक्यांनी!" मी म्हणायची, "तुझ्या इंजिनाच्या धुरापेक्षा बरी आहे, रॉल." मग तो माझ्या देखत माझ्याच पाहुण्यांना सांगायचा, "घोड्याच्या तळाला काच नसते हो, खालचं काही दिसत नाही."

युस्टेस गेला त्याच्या पुढच्या वर्षी एक जर्मन शिक्षिका, हाइडरून तिचे नाव, सॉरेलवर बसून पाण्यात उतरली. मी पर्लवर तिच्या पुढे होते. अचानक पाण्याची ओढ वाढली. सॉरेलचे पाय वाळूवरून सुटले आणि प्रवाह त्या दोघींना प्रवाळातल्या खिंडीकडे नेऊ लागला. हाइडरून शिकवल्याप्रमाणे आयाळ घट्ट धरून होती. पर्ल पुढे जाईना. मी हाका मारत राहिले.

रॉलने माणसांनी भरलेली बोट वळवली. आधी हाइडरूनला वर ओढून घेतले. बोटीतले लोक म्हणाले, चला आता. तो गेला नाही. एका पाहुण्याच्या हाती सुकाणू देऊन तो बोटीच्या काठावर पालथा पडला, सॉरेलची मोरखी धरली आणि तिचे तोंड पाण्याबाहेर उचलून धरले. बोट गोगलगायीसारखी निघाली. मला त्याचा आवाज ऐकू येत होता : "चल गं बाई, चल! तू बुडालीस तर तुझी मालकीण मला जिवंत सोडायची नाही!"

सॉरेलचे पाय वाळूला लागले तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत सोलवटून निघाले होते.

"घे तुझी घोडी," तो म्हणाला. "आणि ती लीद उचल तेवढी."

मी वाळूत बसले आणि रडले. युस्टेसच्या मातीलाही मी रडले नव्हते. रॉल शेजारी बसून राहिला. सॉरेलने अंग झाडून आम्हा दोघांना भिजवले.

तेव्हापासून रविवारी चर्च सुटले की तो कॅलालूच्या पालेभाजीचे भांडे घेऊन कुंपणाशी येतो. त्याने मला लग्नाचे विचारले, तेव्हा मी हसले. पुन्हा विचारले, तेव्हा म्हटले, "रॉल, एक नवरा मातीआड केलाय मी. दुसऱ्यांदा ते नाही झेपायचं मला." त्यानंतर त्याने विचारले नाही. त्याऐवजी या वयात घोड्यावर बसायला शिकला.

"ह्या ब्रिगेडिअरला वेग किती?" त्याने पहिल्याच दिवशी विचारले.

"तुझ्याइतकाच," मी म्हणाले.

भांडण मी याद्वारे मागे घेते. लिदीविषयीचे माझे मत कायम आहे.

कलम चौथे. माझ्या अंत्ययात्रेत घोडे आणू नयेत. त्यांना काळ्या छत्र्यांची भीती वाटते. त्या दिवशी त्यांना सुट्टी द्यावी.

कलम पाचवे व शेवटचे. हा मसुदा घेऊन मी स्कारबरोला वकीलबाईंकडे गेले, तेव्हा साक्षीदार म्हणून रॉलला सोबत नेले होते. वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, एवढं लक्षात ठेवा." रॉलने हातातले पेन खाली ठेवले.

"मग मी सही करत नाही."

मी चिडले. "का रे? तुला काय हवंय माझं? खोगीर?"

"तुझ्या ओसरीवर बसायला जागा हवी," तो म्हणाला. "तू नसलीस तरी." आणि टोपी घालून बाहेर जाऊन उभा राहिला.

वकीलबाईंनी कागद सारखे केले. "आणखी एक, टॉपिनबाई. तुम्ही पुढे लग्न केलंत तर हे सगळं आपोआप रद्द होईल. तसा काही विचार नाही ना?"

नाही म्हणायला मी तोंड उघडले. पण विचारले, "आणि असला तर?"

"तर तसं लिहावं लागेल. नावासकट."

म्हणून लिहिते. माझ्या घरात व ओसरीवर राहण्याचा हक्क रॉल ऑगस्टस डे व्हीन यांना ते हयात असेपर्यंत राहील. हे मृत्युपत्र मी सदर रॉल ऑगस्टस डे व्हीन यांच्याशी करावयाच्या विवाहाचा विचार ठेवून केले आहे, आणि त्या विवाहामुळे ते रद्द होणार नाही. सदर गृहस्थांना याची अद्याप कल्पना नाही. सह्या झाल्या की मी धक्क्यावर जाणार आहे. तोवर साक्षीदारांनी तोंड बंद ठेवावे. अल्रिका, हे तुला उद्देशून आहे.

टॉपिनबाईंनी आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर :

अल्रिका मेलव्हिल, नारळपाव विकणारी, बकू
कथबर्ट सँडी, निवृत्त टपालवाला, बकू

ठिकाण : बकू, अल्रिकाच्या भट्टीमागची ओसरी
दिनांक : १४ मार्च २०१९

लिहून ठेवणार,
एल्डिका व्हर्जिनिया टॉपिन
(टॉपिन, निदान दुपारपर्यंत)