गाज ऐकू येईल असं गाव

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

लातूर, १२ फेब्रुवारी २०२४

सौ. लताबाई विहीणबाई यांस शिवम्माचा शरणु शरणार्थी, वि. वि.

पत्र बघून तुम्ही चकित व्हाल. मीही झाले आहे, कारण शाळा सुटल्यापासून एवढं लांबलचक काही लिहिलंच नव्हतं. पण तुम्हाला फोन केला की दर वेळी व्याहीच उचलतात, आणि तुम्ही कधी देवळात गेलेल्या असता, नाहीतर झोपलेल्या. इराला विचारलं तर म्हणाली, आईला फोनचा कंटाळा आहे, पत्र मात्र आवडीने वाचते. म्हणून आमच्या यांना भांड्याच्या दुकानातून उठवलं आणि पोस्टात पिटाळून पाकिटं आणवली.

विषय तुम्हाला ठाऊक आहेच. पोरांनी आपल्या चौघांना उन्हाळ्यात समुद्राला न्यायचं ठरवलंय, आणि जागा दोघी विहिणींनी मिळून निवडायची असा पुण्याहून हुकूम सुटलाय. शिवांश माझ्या पोटचा आहे, त्याचं डोकं कसं चालतं ते मला कळतं. लग्नाला दोन वर्षं झाली तरी आपण दोघी चार शब्द धड बोललो नाही, हे त्याला आणि इराला खुपतंय.

खुपायचं कारण मी सरळच लिहिते. पोटात ठेवून बसायची मला सवय नाही. लग्नात, तुमच्या नांदेडच्या कार्यालयात विहिणींची पंगत बसत होती, तेव्हा मी तुम्हाला पाठीमागून तीनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला तुम्ही वळलात, माझ्याकडे बघून हसलात, मान डोलावलीत आणि सरळ तुमच्या माणसांत निघून गेलात. आमच्याकडच्या सगळ्या बायकांनी ते पाहिलं. तुम्ही शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाई, आणि आमचं बोलणं निलंग्याकडचं, निम्मं कानडीत बुडवलेलं. मला वाटलं, आमची बोली यांच्या कानाला चालत नसेल. असो. लिहून टाकलं, आता हलकं वाटतंय.

आता जागेचं. शिवांश अंदमान म्हणतो. विमानात बसायची माझी छाती नाही. केरळात म्हणे घरासारख्या होड्या असतात, त्यातच राहायचं, त्यातच जेवायचं. माझी पुतणी दामिनी जाऊन आली. ती सांगत होती की तिथं इतकं शांत असतं की आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. मला तर ते पसंत आहे. तुमचं काय म्हणणं?

कळावे. लोभ आहे की नाही, ते तुमच्या उत्तरावरून कळेलच.

शिवम्मा


॥ श्री ॥

नांदेड, २१ फेब्रुवारी २०२४

सौ. शिवम्माताईंना लताचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि घरात कुणी नव्हतं म्हणून पोटभर रडून घेतलं. ताई, तुम्ही मला हाक मारली होती हे मला परवा, तुमच्या अक्षरातून कळलं. मला ती ऐकूच आली नव्हती.

माझा उजवा कान जाऊन बरीच वर्षं झाली. डावाही आता हळूहळू चाललाय. हे फक्त आमच्या यांना आणि डॉक्टरांना माहीत आहे. फोन मी घेत नाही तो कंटाळा म्हणून नव्हे. त्या दिवशी कार्यालयात वाजंत्री चालू होती, मी वळले तेव्हा तुमचे ओठ हलताना दिसले, आणि मी नेहमीसारखी अंदाजाने हसून मान डोलावली. माझी ती सवयच झाली आहे. बहुतेक ठिकाणी खपून जातं. तुमच्यापाशी खपलं नाही, आणि दोन वर्षं तुम्ही मनात ते घेऊन बसलात, याचं मला फार वाईट वाटतं. तुमची बोली माझ्या कानाला न चालायला ती आधी कानात शिरायला तर हवी!

नोकरी निवृत्तीच्या दोन वर्षं आधी सोडली तेव्हा सगळ्यांना गुडघ्यांचं कारण सांगितलं. खरं म्हणजे शेवटच्या बाकावरची मुलं काय विचारतात ते मला कळेनासं झालं होतं. शेवटच्या वर्षातली एक मुलगी आठवते, धम्मप्रिया. पुढेच बसायची. धड्यात समुद्राची गाज असा शब्द आला, तर तिने विचारलं की बाई, गाज म्हणजे नेमका कसा आवाज. मी कुठे समुद्र पाहिला होता? माझं बालपण मुदखेडला, रेल्वेच्या आवाजात गेलेलं. पुलावरून मालगाडी जाते तसा, असं मी ठोकून दिलं. तिने ते वहीत लिहूनही घेतलं.

तेव्हापासून एकच इच्छा धरून बसले आहे. डावा कान आहे तोवर एकदा ती गाज ऐकायची. डॉक्टर म्हणतात की तो किती टिकेल ते सांगता येत नाही. म्हणून ताई, केरळातल्या शांत होड्या नकोत. स्वतःच्या श्वासाशी मला काही करायचं नाही. आमच्या यांना म्हणाल तर ते इतिहासाचे मास्तर, त्यांना जलदुर्ग हवाय. जन्मभर फळ्यावर खडूने बुरूज काढले, आता एखाद्या बुरुजाला हात लावायचा आहे म्हणतात. जंजिऱ्याचं नाव घेतात, पण किनाऱ्यावर लाटा कितपत आपटतात ते त्यांना सांगता येत नाही. पुस्तकात तेवढंच नसतं.

इराला यातलं काही सांगू नका. ती उगाच घाबरी होईल.

लोभ होताच. फक्त त्याचा आवाज तुमच्यापर्यंत पोचला नव्हता.

आपली,
लता


॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

लातूर, १२ मार्च २०२४

प्रिय लताबाईंना शिवम्माचा शरणु शरणार्थी, वि. वि.

तुमचं पत्र आल्या दिवशी मी जेवले नाही. आमचे हे विचारून बेजार झाले, शेवटी त्यांना सांगितलंच. त्यांच्या पोटातून गोष्ट बाहेर जात नाही, फिकीर करू नका.

तर मग मी कामाला लागले. गिऱ्हाईक पातेलं घेताना बोटाने टिचकी मारून आवाज बघतं की नाही, तसा मी गेला पंधरवडा समुद्र निवडतेय. जो कोणी कोकणात जाऊन आलाय त्याला धरायचं आणि विचारायचं, तिथला समुद्र आवाज किती करतो? लोक मला खुळ्यात काढायला लागलेत. औशाच्या माझ्या मावसबहिणीने मुरूडची वाळू सांगितली, सूर्यास्त सांगितला, पोह्यांचा भावसुद्धा सांगितला, आणि आवाजाचं विचारलं तर म्हणाली की तिकडं लक्षच न्हाई गेलं बाई. कान शाबूत असून काय उपयोग?

शेवटी माणिकप्पा भेटला. चाकूरचा आहे, त्याची लॉरी डाळ घेऊन कोकणात उतरते. परवाच्या महाशिवरात्रीला तो देवगडजवळ कुणकेश्वरला जत्रेत होता. महादेवाचं देऊळ अगदी समुद्राला टेकून आहे म्हणे, लाटा येऊन खालच्या भिंतीवर धडकतात. तो लॉरीत झोपला होता तर म्हणाला की अक्का, लई आवाज, डोळ्याला डोळा न्हाई लागला. मी त्याला चहा पाजला. आणि तो म्हणतो की हा तर काहीच नव्हे, वैशाखी पौर्णिमेला या, पावसाच्या तोंडावर समुद्र खवळायला लागतो तेव्हा बघा.

व्याह्यांचंही जमतंय. तिथून मालवण फार लांब नाही, आणि मालवणच्या समोर पाण्यात सिंधुदुर्ग आहे, महाराजांनी बांधलेला. बेटावर किल्ला, चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी. होडीने जावं लागतं. मात्र मे सरता सरता पावसासाठी होड्या बंद होतात. म्हणजे आधी गेलं तर समुद्र गप्प, नंतर गेलं तर किल्ला बंद. मधले थोडे दिवस तेवढे आपले. बसवजयंती झाली की निघू. देव आमचा, किल्ला व्याह्यांचा, आवाज तुमचा. मासे खाणाऱ्या मुलखात आपण दोन्ही घरं पालेभाजीवाली, तेव्हा शेंगाचटणी आणि कडक भाकरी मी बांधून घेते.

लोभ आता लातुरात मावेना, थोडा नांदेडला पाठवते आहे.

तुमची,
शिवम्मा


॥ श्री ॥

नांदेड, ३ एप्रिल २०२४

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार, वि. वि.

कुणकेश्वरचं वाचून आमचे हे इतके हरखले, की सिंधुदुर्गाचा नकाशा काढून भिंतीला लावलाय. येताजाता मला तटाची लांबी सांगतात. मी मान डोलावते.

पण ताई, मला हे लिहावंच लागतंय. मध्ये सर्दीतापाचं निमित्त झालं आणि डावा कान आणखी खाली गेला. परवा कुकरच्या शिट्ट्या झाल्या त्या मला कळल्या नाहीत. वास आला तेव्हा वरण करपलेलं. हे घरी आले, काही बोलले नाहीत, कुकर घासत बसले. त्यांचं ते न बोलणं मला बरोबर ऐकू आलं.

तेव्हा मला वाटतं, तुम्ही सगळे जाऊन या. मी घर सांभाळते. एवढ्या लांब जायचं, तुम्ही तिघं माझ्या तोंडाकडे बघत उभे राहणार, आणि मला काहीच ऐकू आलं नाही तर? आज निदान गाज म्हणून मालगाडीचा आवाज तरी माझ्यापाशी आहे. तिथे गेल्यावर तोही जायचा. मला भीती वाटते, ताई. हे मी आमच्या यांनासुद्धा बोलले नाही.

एक विचारायचं राहून गेलं. त्या दिवशी तुम्ही हाक कशासाठी मारली होती?

लोभ ठेवा. रागावलात तरी चालेल, पण लिहून रागवा.

लता


॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

लातूर, १० एप्रिल २०२४

प्रिय लता हिला अनेक आशीर्वाद. (मी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे, पत्रिका जुळवताना सगळ्यांची वयं निघाली होती. आजपासून अहोजाहो बंद.)

रागावले आहे, आणि लिहूनच रागावते. घर सांभाळते म्हणे! घराला काय पाय फुटलेत? नाही ऐकू आलं तर नाही आलं. तू रडशील, मी शेजारी उभी राहून रडेन, आणि मग दोघी मिळून शेंगाचटणी खाऊ. पण भीतीपोटी नांदेडात बसून राहिलीस तर मात्र मी खरोखर दुखावेन, लग्नातल्यापेक्षा जास्त.

घाबरणारी तू एकटी नाहीस. आमचे हे सकाळ-संध्याकाळ इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय पाणी पीत नाहीत. गळ्यातलं लिंग होडीतून पाण्यात पडलं तर, या धास्तीने त्यांनी आत्ताच बनियनला आतून नवा खिसा शिवून घेतलाय, बटणाचा. तरी येणार आहेत.

तुम्ही दोघं आधी लातूरला या, दोन दिवस राहा, मग इथून एकाच गाडीने निघू. हाक कशासाठी मारली होती ते पत्रात नाही सांगणार. आलीस तर सांगेन.

लोभ वगैरे तू आल्यावर.

तुझी अक्का,
शिवम्मा


॥ श्री ॥

नांदेड, ४ जून २०२४

प्रिय अक्का, साष्टांग नमस्कार, वि. वि.

तू माझ्याबरोबरच होतीस, तरी हे पत्र लिहिते आहे. तिथे वाऱ्यात मला तुझं निम्मंही कळत नव्हतं, आणि मला जे सांगायचं होतं ते सगळ्यांदेखत बोलवत नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी आपण वाळूत उभे होतो. पौर्णिमेचा चंद्र वर येत होता, इराने माझा दंड धरला होता. लाटा दिसत होत्या, पांढऱ्या, मोठ्या, आणि माझ्या कानात काहीच नव्हतं. नुसता वारा. आमचे हे माझ्याकडे इतक्या आशेने बघत होते की मी हसले आणि मान डोलावली. त्यांचे डोळे भरून आले. व्याह्यांनाही खरं वाटलं. तुला वाटलं नाही. ती मान तू लग्नात एकदा पाहिली होतीस ना.

सकाळी तू मला उठवलंस, हात धरलास आणि देवळाच्या पलीकडे खडकांत घेऊन गेलीस. व्याही मागून हातवारे करत होते, शिवांश धावत येत होता. तू लुगडं वर खोचलंस आणि थेट भिंतीपाशी, लाट फुटते तिथे मला नेऊन उभं केलंस. पहिली लाट अंगावर आली तेव्हा आधी पायाखालचा दगड हलला. मग छातीत काहीतरी घुमलं. आणि मग डाव्या कानात, अक्का, खरंच, आवाज आला. जाड, खोल, खालून वर येणारा. मी किंचाळले ते घाबरून नव्हे.

आता धम्मप्रिया भेटली तर तिला सांगेन की बाईंचं चुकलं होतं. मालगाडी जाते आणि मग सगळं गप्प होतं. हा आवाज जातच नाही, पुन्हा पुन्हा येत राहतो. आपण किती वेळ उभ्या होतो कुणास ठाऊक. तुला हुडहुडी भरली होती तरी तू हात सोडला नाहीस.

इराला मी तिथेच, ओल्या साडीत सगळं सांगितलं. रडली, मग बापावर चिडली, मग मालवणच्या होडीत दोघांचं मिटलं. सिंधुदुर्गाच्या बुरुजाला यांनी दोन्ही हात लावले आणि पोराटोरांसारखं कपाळही टेकवलं. आणि व्याही होडीत बसल्यापासून उतरेपर्यंत छातीवरचा हात काढत नव्हते, तो फोटो इराने मला दिलाय.

परवा कानाला यंत्र बसवलं. डॉक्टर म्हणाले, जाड आवाज शेवटपर्यंत टिकतात, बायकांचे बारीक आवाज आधी जातात. तुझी हाक तेव्हा का हरवली ते आता कळलं. यंत्राने घरातली भांडी फार वाजतात, पण कुकरची शिट्टी कळते.

आणि तू ठकवलंस मला. मी आले, राहिले, समुद्र ऐकून परतले, आणि हाक कशासाठी होती ते तू सांगितलंच नाहीस.

लोभ कसा असतो ते त्या खडकावर पाहिलं, आता मागत नाही.

तुझी धाकटी,
लता


॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

लातूर, १४ जून २०२४

प्रिय लताला अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

माझी सर्दी अजून गेलेली नाही. हे म्हणतात की समुद्र नाकात घेऊन आलीस.

सांगणार होते, पण तिथं तुझा चेहरा बघून राहूनच गेलं. अगं, मोठं काही नव्हतं. त्या दिवशी तू पहाटेपासून राबत होतीस. मुलीची आई विहिणींच्या पंगतीत बसत नाही, वाढत फिरते, हा रिवाज मलाही ठाऊक होता. दामिनीच्या लग्नात माझी जाऊ अशीच वाढता वाढता घेरी येऊन पडली होती. म्हणून माझ्या शेजारचं पान मी धरून ठेवलं होतं, कुणाला बसू दिलं नाही. हाक एवढीच होती, की वाढणं पुरे झालं, ये, माझ्याजवळ बस आणि दोन घास खा.

ते पान शेवटपर्यंत तसंच राहिलं. राग त्याचाच होता.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी तुझं पान माझ्या शेजारी मांडलेलं असेल. वाढायला आमचे हे आणि व्याही. या वेळी मी हाक मारणार नाही. नांदेडला तुला न्यायलाच येते.

तुझी अक्का,
शिवम्मा