मागची सीट

ताडकळस
रविवार, दुपार

प्रिय राजू,

पत्र बघून घाबरू नकोस. आई ठणठणीत आहे, आज सकाळीच भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून तिनं तुझ्या वहिनीला चार शब्द ऐकवले आहेत. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला मध्ये बोलतेस आणि माझं पुढचं डोक्यातून निघून जातं. त्यात सध्या माझं डोकं ठिकाणावर नाही. आधी काय सांगावं आणि मागून काय, तेच कळेना. म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाच, मग काय ओरडायचं ते ओरड.

तुला माहीतच आहे, जिल्हा परिषदेतून रिटायर होऊन गावी आलो आणि अण्णांच्या जुन्या इंपाला मोटारीच्या मागे लागलो. गोठ्यात कडब्याखाली गाडली गेली होती बिचारी. पुढच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. निकितानं पुण्याहून फोटो पाहून सांगितलं की बाबा, ही मसल कार आहे, अमेरिकेत लोक अशा गाड्या हौसेनं दुरुस्त करत बसतात. दंडात बेटकुळी असलेली गाडी आपल्या गोठ्यात होती आणि आपल्याला पत्ता नाही! आपल्याला आठवते ती डिझेलवर धडधडणारी. पेट्रोल झेपेना म्हणून अण्णांनी तिच्यात मॅटाडोरचं इंजिन टाकलं होतं आणि ट्रॅक्टर आला म्हणून लोक बैल बाजूला घ्यायचे. मूळ आठ सिलिंडरचं इंजिन मात्र कोठ्यात पोत्यांत गुंडाळून ठेवलेलं सापडलं, तेच परत बसवायला घेतलं. परभणीचा खलील मिस्त्री दर शुक्रवारी नमाजानंतर येतो. आधी छातीठोकपणे म्हणाला, इंजिन जाम हाय. मग म्हणाला, टाकी सडली. शेवटी निघालं काय, तर नळीत उंदराचं घरटं. ते काढल्यावर गाडीनं जो हंबरडा फोडला, त्यानं शेजारच्या दिनकररावांची म्हैस दावं तोडून पळाली. अमेरिकन गाडी, स्टिअरिंग डावीकडे, पण मी अजूनही सवयीनं उजव्या दारानं आत बसतो आणि समोर स्टिअरिंग नाही म्हणून दचकतो. वहिनी तुझी हसून लोळते.

लोकांना वाटतं रिकामपणचा उद्योग आहे. आहेच. पण त्याच्या पोटात एक गोष्ट होती, ती कुणाला बोललो नाही. आपल्या आठवणीत आई या गाडीत एकदाही बसलेली नाही. लग्नकार्याला अण्णा गाडीनं पुढे जायचे आणि आई पिशवी मांडीवर घेऊन एसटीनं मागून यायची. आपण दोघं मात्र गाडीत, मागे, उघड्या पत्र्यावर गोधडी टाकून. मागची सीट कुजली, फेकून दिली, असं अण्णा सांगायचे. वळण आलं की तू गोधडीसकट घसरून दारावर आपटायचीस आणि मी तुला ढकललं असं घरी सांगायचीस. आईला कधीही म्हणा, चल की गं गाडीत, तिचं एकच उत्तर, "मागं सीट न्हाई तवर मी बसत न्हाई." आता तिनं ऐंशी ओलांडली, गुडघे बोलतात. मला एवढंच हवं होतं की तिनं एकदा त्या गाडीत बसावं. म्हणून मागच्या सीटचा ध्यास घेतला.

खलीलनं जीपची सीट सुचवली, ट्रॅव्हल्सची सुचवली, शेवटी म्हणाला, "साब, सुतार से दिवान बनवा लो, कौन देखने आयलाय?" मला मूळचीच हवी होती. आईला विचारलं तर म्हणाली, गेली कुठंतरी. मग निकितानं पुढच्या सीटचा फोटो दहा ग्रुपवर टाकला आणि आमच्या ऑफिसातल्या आश्रुबाचा राणीसावरगावहून फोन आला. "साहेब, तसली लाल सीट आमच्या गल्लीत एका ओसरीवर हाय. बाया तिच्यावर बसून वाती वळतेत." मोटरसायकल काढली आणि गेलो. अण्णांच्या कापसाच्या खरेदीचा तोच पट्टा, एवढं काही माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तर गेलो असतो की नाही, सांगता येत नाही.

राजू, सीट तीच होती. कडेची चकाकती पट्टीसुद्धा शाबूत. तिच्यावर एक म्हातारी बसली होती, नर्मदाबाई. मी नाव सांगायच्या आधीच आईचं नाव घेऊन म्हणाली, "रुख्मिणबाईचा राम ना तू? ये, बस." मी शेजारी बसलो. पन्नास वर्षांनी त्या सीटवर बसलो आणि ती कुणाच्या तरी ओसरीवर. मी सरळ विकत मागितली. ती म्हणाली, "इकायची न्हाई. देणाऱ्यानं मागितली तर आत्ता उचलून दीन." मी म्हटलं, अण्णा जाऊन किती वर्षं झाली. तर माझ्याकडे बघत म्हणाली, "त्यायनी कुठं काय दिलं? रुख्मिणबाईनं धाडली. कापसाच्या ट्रकात टाकून, वर गोधडी पांघरून." तेवढ्यात आतून तिची मुलगी चहा घेऊन आली. रेणुका तिचं नाव, गावातच अंगणवाडी चालवते. तुझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी लहान असेल. तिनं स्वतःचा चहा बशीत ओतला, बशीतून परत कपात ओतला आणि मग कपानं प्यायली. अण्णा असाच प्यायचे. तूही अशीच पितेस, आणि वहिनी दरवेळी तुला विचारते की मग बशी कशाला खराब केली. मी बघत राहिलो. ती म्हणाली, "दादा, चहा निवायलाय." दादा म्हणाली. माझ्या हातची बशी खाली पडली.

घरी कसा आलो, आठवत नाही. गंगाखेडला पेट्रोल भरायला थांबलो आणि न भरताच निघालो. आई अंगणात शेंगा फोडत होती. मी काही विचारायच्या आधी तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "सापडली का?" मग शेंगा फोडता फोडताच सगळं सांगितलं. "तुझ्या बापाची लेक हाय ती. बाळंतपणात नर्मदेची कंबर गेली. खाली बसता यीना, बसली तर उठता यीना. नवरा आधीच सोडून गेलेला. तुझ्या बापाला मोटार घेताना लाज वाटली न्हाई, तिला एक खुर्ची घ्यायची लय लाज वाटायलती. मंग म्या पाना घेतला आन् सीट सोडली." मी विचारलं, अण्णा काय म्हणाले? म्हणे, "काय म्हणतेत? सीट कुजली म्हणून सांगत फिरले." मग नवी का नाही बसवली? तर आई म्हणाली, "म्या बसवू दिली न्हाई. त्यायनी मागं वळून बघितलं की मोकळं दिसावं, म्हणून." एवढं बोलून तिनं सूप पाखडलं आणि आत गेली.

आता तूच सांग, मी कुणावर रागवू? अण्णांवर रागवावं, तर ते फोटोत जाऊन बसलेत. परवा फोटोची काच पुसली, हार घालायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. दुसऱ्या दिवशी वाटलं, माझे वडीलच ना ते, आणि गुपचूप हार घातला. आईवर रागवावं, तर तिनं केलं ते कोण करतं? पण मग असंही मनात येतं की शिक्षा अण्णांना आणि बूड शेकलं आपलं! त्या पत्र्यावर आपण का म्हणून बसायचो? हे तिला बोललो, तर म्हणाली, "तुमाला गोधडी दिली व्हती की." नर्मदाबाईला काय म्हणून हाक मारायची, तेही मला कळत नाही. मावशी म्हणावं तर आईची कोण लागते ती? बाई म्हटलं तर परक्यासारखं वाटतं. त्या दिवशी मी तिला काहीच न म्हणता नुसता 'अहो' 'अहो' करत राहिलो. आणि खरं सांगू? मला तिचा राग येत नाही, याचाच राग येतो.

आईनं मग सांगितलं, "जा, सीट आण. मी मागितली म्हण." खलीलच्या टेम्पोतून गेलो. नर्मदाबाईनं सीट धुऊन पुसून, लाल रंगाला तेलाचा हात देऊन ठेवली होती. मी म्हटलं, आता तुम्ही कशावर बसणार? रेणुकानं आतली हाताची खुर्ची दाखवली. मला एकदम हलकं वाटलं आणि लगेच लाजही वाटली. मागच्या आठवड्यातल्या शुक्रवारी खलील सीट बसवायला लागला तर बोल्ट मिळेनात. जुन्या मापाचे बोल्ट इकडं कुठून येणार? तो शिव्या घालत होता. आई घरात गेली, पेटी उघडली आणि चिंधीची पुरचुंडी आणून त्याच्या हातावर ठेवली. त्या सीटचेच बोल्ट, राजू! तेल लावून, गाठ मारून ठेवलेले. एवढी वर्षं ती स्वतःच्या लग्नाच्या शालूखाली ते बोल्ट घेऊन बसली होती. ती सीट कधीतरी परत येणार, हे तिनं मनाशी धरलंच होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खलील विचारत होता, "अम्मा को कैसे मालूम था?" मी त्याच्या हातात पाना दिला.

सीट बसली. गाडी सुरू झाली. मी दार उघडून म्हटलं, आई, चल. तिनं उजव्या दारापाशी हात टेकला, आत वाकून बघितलं आणि मागं सरली. "आदी मागं माझ्या दोघी लेकी बसू द्या. मंग मी पुढं बसते." दोघी म्हणाली ती. मी रेणुकाला फोन केला. आईचं बोलणं तिला सांगितलं. मग म्हणाली, "दादा, आदी ताईला इचारा. ताई ये म्हणली तर मी यीन, न्हाई तर न्हाई." तेच विचारायला हे पत्र लिहिलं आहे. मी तुला समजावत नाही, मलाच काही समजलेलं नाही. आजवर मला दादा म्हणणारी तू एकटीच होतीस, तुला किती लागेल ते मला कळतंय. ओरड, रड, आठवडाभर माझा फोन उचलू नकोस. पण ये. आई रोज संध्याकाळी जाऊन त्या सीटवरची धूळ पदरानं पुसते आणि दार लावून परत येते. सीट खूप रुंद आहे, राजू. दोघींनी दोन खिडक्या धरल्या तरी मध्ये भरपूर जागा राहते. सुरुवातीला तशाच बसा.

तुझाच,
दादा